लेन्सवरचा तांबडा ठिपका

बोरा बाजारात जुझरभाईंनी
माझा जुना कॅमेरा उघडला,
सेन्सरपुढची काच चिमट्यानं उचलली
आणि माझ्या तळहातावर ठेवली:
नखाएवढी, फिकट मोरपंखी.
"एवढीच आडवी येत होती," म्हणाले.
"आता याला दिसेल. तुम्हाला नाही.
आणि भर दुपारी जा,
संध्याकाळचे फोटो बाकीच्यांना काढू दे."

म्हणून मी बाराला निघते.
मे महिना. कुत्रीसुद्धा टेम्पोखाली,
आणि मी रे रोडच्या पुलावर
लेन्सवरच्या बारक्या तांबड्या ठिपक्याशी
अंतर जुळवत उभी.
इतकी वर्षं तो ठिपका कशासाठी, ठाऊकच नव्हतं.
डोळ्याला जिथे स्पष्ट, तिथे या उजेडाला नसतं;
थोडं अलीकडे सरकावं लागतं.

बंदरातलं पाणी डांबर झालं.
आभाळ ओल्या पाटीसारखं,
आणि गोदामाच्या भिंतीतून उगवलेला पिंपळ
मिठागरासारखा पांढरा.
नव्या टॉवरच्या दारातली हिरवळ मळकी राखाडी आली: प्लास्टिक.
शेजारी गटाराच्या जाळीतून वर आलेला
वीतभर माठ मात्र
पेटल्यासारखा.
नाक्यावरच्या हवालदाराचा काळा गॉगल आरपार दिसला.
आत डोळे मिटलेले होते.

फेल्सी आंटींचा दुखवट्याचा झगा
फोटोत सायीच्या रंगाचा झाला.
त्या बराच वेळ बघत राहिल्या.
"साखरपुड्याचा असाच होता," म्हणाल्या,
"कुणाला दाखवू नको."

घोडपदेवला, पिठाच्या गिरणीसमोर, एक निळी भिंत आहे.
मागे कुठल्याशा बँकेची जाहिरात होती तिच्यावर,
मग नुसताच निळा रंग, मग परत निळा.
पिंपळाची सावली बरी पडली होती, म्हणून घेतला फोटो.
घरी मोठा करून पाहिला
तर निळं नव्हतंच.
ताकासारखं पातळ झालेलं काहीतरी,
आणि आतून
अक्षरं.

बाबांची.
तो 'ल', दोन्ही पोटं गच्च भरलेला,
'रू'चं शेपूट उगाचच डौलात वळवलेलं,
वेलांटी, आधी मागे रेलून मग खाली उतरणारी.
काजळी घरी धरायचे ते, स्टोव्हवर पत्रा उपडा धरून,
आणि रंगात खलायचे.
दुकानातला काळा पळपुटा, म्हणायचे,
चार उन्हाळे काढत नाही.
आम्हा बहिणींचे फ्रॉक कायम काजळीचे.

मी चित्र हळूहळू सरकवत गेले.
काय असेल? एखादं दुकान?
संपातली घोषणा?
निळीच्या दोरीवर ताठ बसलेली,
सावलीसकट, दोन्ही टोकांना वेलबुट्टी काढलेली
एकच ओळ:

येथे लघवी करू नये

आणि खाली, तांदळाएवढ्या अक्षरांत,
वासू पेंटर.

हसले. मग आईला फोन लावला.
ती म्हणाली, "त्याचे नऊ रुपये
वॉर्डानं अजून दिलेले नाहीत."

दुसऱ्या दिवशी कॅमेरा न घेता गेले.
निळी भिंत.
हात फिरवून पाहिला, बोटांना काही लागलं नाही,
फक्त ऊन, आणि पोपडे.
तेवढ्यात एकजण आला, इकडेतिकडे पाहून
भिंतीकडे तोंड करून उभा राहिला.
"अहो," मी म्हटलं, "इथे लिहिलंय."
"कुठे?"
मी बोट दाखवलं.
त्यानं भिंत वरपासून खालपर्यंत पाहिली,
खरंच पाहिली,
मग माझ्याकडे,
आणि चेन लावत
जरा पुढे, पिंपळाकडे गेला.